अंबाड्याआडचं प्रेत

१

शून्यसरांच्या मनगटावरचं घड्याळ गेलं ते भरल्या सभागृहात, लख्ख दिव्यांखाली, शाळेतल्या झाडून सगळ्या पालकांच्या डोळ्यांदेखत. सर त्या वेळी मेलेले होते.

म्हणजे नाटकात.

त्या शाळेची एक जुनी रीत होती. शेवटच्या वर्गाची मुलं दरवर्षी खुनाचं नाटक बसवायची, आणि त्यात मरायचं कुणी हे मतं टाकून ठरवायची. मरणारा शिक्षकच हवा. ज्याचा जाच जास्त, त्याला मतं जास्त. मेलेल्या शिक्षकाने नाटक संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, ही त्यातली खरी गंमत. ज्यांनी वर्षभर मुलांना बाकावर हलू दिलं नाही, ते आता मुलांसमोर निपचित पडणार! पूर्वी एका भूगोलाच्या बाईंना मेल्यावर शिंक आली होती. त्या निवृत्त होऊन गेल्या तरी शाळेत त्यांचं नाव 'शिंकणारं प्रेत' असंच चालत होतं.

यंदा गणिताचे सर प्रचंड बहुमताने मेले. पेपरावर शून्य देताना ते आत दोन डोळे आणि तोंड काढायचे, म्हणून शून्यसर.

वकीलकाकू हे नाटक बघायला आल्या होत्या, पण बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. पुढच्या खुर्चीत एक बाई होती आणि तिच्या डोक्यावर अंबाडा होता. साधासुधा नव्हे. मडक्यावर मडकं ठेवावं तसा. काकू डावीकडे कलल्या की अंबाडा डावीकडे, उजवीकडे कलल्या की उजवीकडे. कोर्टात उभा जन्म काढलेल्या बाईला साक्षीदाराचं तोंड दिसू नये, हा छळच होता.

"भावोजी, काय चाललंय?" त्यांनी शेजारच्या दिराला विचारलं. दिराचं चष्म्याचं दुकान होतं, आणि नाटकात गुप्तहेर झालेली पोर त्याची होती.

"शेठजी, म्हणजे गणिताचे सर, आजारी आहेत. दिवाणावर आडवे झालेत."

"ते मला कळलं. त्यांच्या बुटांचे तळवे दिसतायत मला. बूट घालून कोण झोपतं?"

"नाटकातले श्रीमंत झोपतात, वहिनी. हळू बोला."

दिवाण तिरपा मांडला होता, पाय प्रेक्षकांकडे. अंबाडा आणि त्याच्या शेजारचं टक्कल यांच्यामधून काकूंना नेमके ते पाय दिसत होते, आणि बाकी काही नाही. बूट कोरे होते. एका तळव्यावर दुकानाची गोल चिकटपट्टी तशीच राहिली होती. घाईत बूट घेतलेत सरांनी, काकूंच्या मनात आलं.

मग रंगमंचावर अंधार झाला. कुणीतरी किंचाळलं. धडपड झाली. दिवे लागले तेव्हा सगळं सभागृह 'अरे बापरे' म्हणालं आणि काकूंनी मान उंचावली. अंबाडाही उंचावला. पुन्हा तेच पाय. डाव्या तळव्यावर हिरवा डाग. वर पांघरूण, आणि बाजूला लोंबणारा हात, तोही मनगटाच्या खालचाच.

"मेले?"

"मेले. पाठमोरे पडलेत, तोंड भिंतीकडे. आता बघा, आपली मिरची येते."

मिरची म्हणजे पुतणी. घरातलं नाव. ती हिरव्या दारातून आली, तिचा आवाज खणखणीत होता, आणि काकूंना ती अजिबात दिसली नाही. तिने मुडद्याचा हात उचलून नाडी पाहिली, पांघरूण पार डोक्यावरून ओढलं आणि एकेकाची उलटतपासणी सुरू केली. मध्येच कुठूनतरी बारीक घोरणं ऐकू आलं. पुढच्या रांगा खुसखुसल्या.

"कोण घोरतंय मेलं?" काकू चिडल्या.

"तुमच्यामागे असेल कुणी."

"माझ्यामागे भिंत आहे, भावोजी."

पुन्हा अंधार, पडदा, टाळ्या. पहिला अंक संपला. काकू म्हणाल्या, "नाटक कसलं, चपलांच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं." आणि तेवढ्यात पडद्यामागून रडणं ऐकू आलं. ते नाटकातलं नव्हतं. आधी हुंदका, मग जोरात नाक ओढणं, मग पुन्हा हुंदका. पोर पाळण्यात असल्यापासून काकू तो आवाज ओळखत होत्या.

२

पडद्यामागे दाटीवाटी झाली होती. रंगाचा उग्र वास, दोऱ्या, उलटी ठेवलेली खुर्ची. हिरव्या दारावर 'हात लावू नका, ओलं आहे' अशी पाटी कुणीतरी टांगली होती. दिवाणाच्या गाद्या उपसून जमिनीवर टाकल्या होत्या.

मध्ये मोठ्या बाई उभ्या होत्या, म्हणजे मुख्याध्यापिका. शून्यसर त्यांच्या शेजारी खाली मान घालून. मिरची एका पेटीवर बसली होती, आणि डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं.

"मी अभिनंदन करायला आले," मोठ्या बाई काकूंना सांगू लागल्या, "तर सरांचं मनगट रिकामं! शाळेने त्यांच्या रौप्यमहोत्सवाला दिलेलं घड्याळ आहे ते. अंधार व्हायच्या आधी मी स्वतः पाहिलंय हातात. बरोबर ना, सर?"

"हो. होतं," सर म्हणाले.

"आणि मग सर हलले नाहीत. कसे हलणार? मुडदा! त्यांच्या हाताला कुणी हात लावला? फक्त हिने. सगळ्यांनी पाहिलंय."

"मी नाही घेतलं!" मिरची म्हणाली.

"मागच्या महिन्यात सरांचा चष्मा फळ्यामागे कुणी लपवला होता? तेव्हाही आधी नाहीच म्हणालीस."

तो मिरचीनेच लपवला होता.

"ही आमची मुलगी आहे, बाई," चष्मेवाला दीर पुढे झाला. "खोडकर आहे, पण चोर नाही."

"मग घड्याळ येऊ दे. ते येईपर्यंत ती रंगमंचावर जाणार नाही. दुसऱ्या अंकात नाटकाच्या बाई गुप्तहेर होतील, हातात संहिता घेऊन."

नाटकाच्या बाईंचा चेहरा पडला. त्या गोल होत्या, पन्नाशीच्या होत्या, आणि गुप्तहेर नाटकात फळीवरून उडी मारत होता.

मिरची आता रडेना. ती नुसती समोर बघत राहिली, आणि ते काकूंना जास्त लागलं. उन्हाळाभर या पोरीने घरात प्रत्येकाची उलटतपासणी घेतली होती. दूधवाल्याची, पोस्टमनची, आजारी मांजराची. शाळेतलं तिचं हे शेवटचं वर्ष. दुसऱ्या अंकात खुनी पकडायचा होता, आणि तो आता दुसरंच कुणी पकडणार होतं.

"मध्यंतराचा चहा संपेपर्यंत वेळ द्या," काकू म्हणाल्या.

"तुम्ही काय करणार?"

"ते मलाही ठाऊक नाही. पण इथे निदान मला माणसांची तोंडं दिसतायत."

३

मेकपच्या खोलीत काकू एका स्टुलावर बसल्या. स्टूल तीन पायांवरच टेकत होतं. आज बसायला धड काही मिळायचंच नाही असं ठरलं होतं.

"हं, सांग. सगळं. आणि रडणं मागे ठेव."

"मोठ्या बाईंना सांगायला लागले तर 'पुन्हा?' म्हणाल्या. ऐकूनच घेत नाहीत, काकू!"

"मी ऐकतेय. नाडी बघितलीस, तेव्हा घड्याळ होतं?"

"होतं! तेच तर. मी हात उचलला तर ते घसरत पार तळव्यापर्यंत आलं. वाटलं आता पडतं आणि सगळे हसतात. म्हणून मी ते वर सारलं. बाहीच्या आत. चांगलं कोपराजवळ अडकेपर्यंत. मग हात सोडला."

काकूंनी भुवई उचलली. "सर काही बोलले? हात आखडला?"

"नाही. अगदी मेल्यासारखा हात. मला वाटलं, सर काय काम करतात!"

"तोंड कसं होतं त्यांचं?"

"तोंडाकडे आम्ही कुणी बघतच नाही. तालमीत सरांचं तोंड दिसलं की हसूच यायचं. डोळे मिटलेले असले तरी वाटायचं आता म्हणतील, 'उठ, फळ्यावर ये.' एकदा तर डॉक्टर झालेला मुलगा हसून हसून खाली बसला. मग नाटकाच्या बाईंनी नियम केला. प्रेताच्या तोंडाकडे बघायचं नाही. दिवाण तिरपा केला, सरांना पाठमोरं झोपवलं, आणि परवापासून पांघरूण डोक्यावरून ओढायचं ठरलं."

"परवापासून?"

"हो. त्याआधी छातीपर्यंतच होतं."

काकू उठल्या. स्टूल पडलं. त्या थेट शून्यसरांपाशी गेल्या.

"सर, बाही वर करता?"

सर दचकले. मग मुकाट्याने बाही गुंडाळू लागले, कोपरापर्यंत. तिथे घड्याळ नव्हतं. काहीच नव्हतं.

काकूंनी मागे वळून पुतणीकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना वाटलं, पोर खोटं तर बोलत नाही?

४

आयुष्यभर त्यांनी अशिलांना सांगितलं होतं की खरं सांगा, मग मी बघते. आणि खरं सांगून हरलेलीही खूप पाहिली होती. घड्याळ बाहीत सारलं, बाहीत नाही. न्यायाधीशाने दुसऱ्या मिनिटाला निकाल दिला असता.

त्यांनी नाटकाच्या बाईंना धरलं.

"अंधारात दिवाणाजवळ कोण असतं?"

"कुणीच नाही! किंचाळणारी मुलगी खिडकीशी असते. आणि माझ्यावर संशय घेत असाल तर मी पडद्याची दोरी धरून होते. हे बघा, हाताला घट्टे पडलेत. त्यात आता मला उडी मारायला लावतायत. माझे गुडघे बघितलेत का कुणी?"

"ते दार कुणी रंगवलं?"

"चित्रकलेच्या सरांनी. आज दुपारी! महिनाभर मागे लागले होते. माणूस भला आहे हो, पण जिथे टेकेल तिथे झोपतो."

चित्रकलेचे सर खिडकीशी उभे राहून जांभई देत होते. काडीसारखा माणूस, पांढरा ढगळ सदरा मनगटापर्यंत बटणं लावलेला. काकू जवळ गेल्या तशी त्यांनी अर्धी जांभई गिळली.

"वाईट झालं," ते म्हणाले. "मुलगी गुणी आहे. चित्रकलेत कच्ची, पण गुणी."

"तुम्ही कुठे होतात अंक चालू असताना?"

"मी? इथेच. मागे. म्हणजे इकडेतिकडे."

"नाटक कसं वाटलं?"

"छान! छानच."

"चौकशीत कुणावर संशय जातो हो पहिल्यांदा? मला काही दिसलं नाही."

चित्रकलेचे सर घुटमळले. "ते... सगळ्यांवरच जातो की थोडाथोडा."

त्यांच्या उजव्या गालावर एक लालसर नक्षी उमटली होती. वेलबुट्टी, एक पान, अर्धं फूल. काकू क्षणभर त्या फुलाकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात दीर आला. "वहिनी, चहा संपत आला. लोक खुर्च्यांवर परततायत. सापडलं काही?"

"डोंबल! काही दिसलंच नाही तर सापडेल काय? एवढ्या लोकांनी प्रेत पाहिलं, मी काय पाहिलं? बुटांचे तळवे! त्या बयेच्या अंबाड्यापायी अख्खा अंक मी दोन तळवे बघत—"

त्या बोलायच्या थांबल्या.

"काय झालं?"

"भावोजी," काकू हळूच म्हणाल्या, "चिकटपट्टी कुठे गेली?"

५

मेकपच्या खोलीत काकूंनी दार लोटून घेतलं. आत मोठ्या बाई, दोघे सर, मिरची आणि तिचे वडील. बाहेर नाटकाच्या बाईंच्या उड्यांचा सराव ऐकू येत होता.

"शून्य... माफ करा, सर," काकू म्हणाल्या, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

चित्रकलेच्या सरांनी शून्यसरांकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"बरं. मग बसा. आणि सर, तुम्ही तेवढे पायावर पाय टाकून बसा."

सर गोंधळून बसले. त्यांनी पाय वर घेतला आणि बुटाचा तळवा सगळ्यांसमोर आला. कोरा. मध्ये दुकानाची गोल चिकटपट्टी.

"हे बूट मी ओळखते. अंधार व्हायच्या आधी दिवाणावर हेच होते. दिवे लागले तेव्हा डाव्या तळव्यावर हिरवा डाग होता आणि चिकटपट्टी नव्हती. तेव्हा मला वाटलं, असेल काही. माझं डोकं अंबाड्यात होतं. पण मेल्यावर माणसाचे बूट बदलत नाहीत, बाई. माणूसच बदलला असला पाहिजे."

"काय बोलताय?" मोठ्या बाई म्हणाल्या. "एवढ्या लोकांसमोर?"

"लोक मुलांकडे बघत होते आणि मुलांना तोंडाकडे बघायची बंदी होती. पाठमोरं प्रेत, वर पांघरूण. दिसायला काय उरलं? पाय आणि हात. हातासाठी सरांनी आपलं घड्याळ दुसऱ्याच्या मनगटावर चढवलं, अंधारात. अंक संपतानाच्या अंधारात पुन्हा अदलाबदल. आता सरांचं मनगट बघा. साखळीचे वळ रुतलेत. हे घड्याळ तिथून बोटभर वर जाणार नाही. पण मिरचीने ज्या हाताला धरलं त्यावर ते तळव्यापर्यंत घसरलं, आणि वर सारलं तर कोपरापर्यंत गेलं. पोरगी खरं बोलत होती. मी चुकीच्या माणसाची बाही वर करायला लावली."

काकू दुसऱ्या सरांकडे वळल्या.

"हिरव्या रंगात पाय पडलेला माणूस. मनगट काडीसारखं. आणि जिथे टेकेल तिथे झोपणारा, इतका की नाटकात प्रेत घोरलं. चित्रकलेचे सर, तुमच्या गालावर दिवाणाच्या उशीचं फूल उमटलंय. जरा बाही वर करा."

चित्रकलेच्या सरांनी गालाला हात लावला. मग बटण सोडलं. बाही गुंडाळता गुंडाळता ते मध्येच थांबले, आणि त्यांचे डोळे विस्फारले. कोपराखाली घट्ट रुतून बसलेलं घड्याळ चालू होतं.

"अरे!" ते म्हणाले. "मला वाटलं यांनीच काढून घेतलं. मनगटावर नव्हतं हो! शप्पथ."

"तुम्ही झोपला होतात," मिरची म्हणाली. तिला हसू आवरेना आणि रडूही.

मोठ्या बाई शून्यसरांकडे वळल्या. "सर? तुम्हाला ठाऊक होतं? आणि मुलीवर आळ येत असताना तुम्ही उभे राहिलात?"

सरांनी पाय खाली घेतला. वर्गात त्यांचा आवाज मैदानापर्यंत जाई. आता तो समोर बसलेल्यांनाही नीट ऐकू येईना.

"तोंडावर पांघरूण आलं की माझा जीव गुदमरतो. लहानपणापासून. परवाच्या तालमीत मी कसाबसा पडून राहिलो. म्हटलं, आज ओरडत उठलो तर मुलं जन्मभर... त्या भूगोलाच्या बाईंचं माहीत आहे तुम्हाला. यांना विचारलं, यांनी भलेपणाने हो म्हटलं. घड्याळ दिसेना तेव्हा वाटलं, मिळेल इथेच कुठेतरी, मग कुणाला काही सांगायला नको. प्रत्येक क्षणी वाटत होतं आता बोलावं. आणि प्रत्येक क्षणी बोलणं जास्त अवघड होत गेलं."

"आणि मी?" मिरची म्हणाली. "मला काढलं असतं तरी?"

ज्या मुलांना उत्तर येत नसे त्यांना सर उभं करून ठेवत. आता ते स्वतःच उभे राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पूर्ण चुकलं. काहीच गुण द्यायला नकोत असं."

मिरचीने बाहीला नाक पुसलं. काकूंना वाटलं आता ही फटकन काहीतरी बोलणार. नाव उगीच मिरची नव्हतं. पण ती सरांकडे बघत राहिली, चांगली तोंडाकडे.

"सांगायचं ना, सर," ती म्हणाली. "मी ओढलंच नसतं डोक्यावरून."

बाहेर घंटा झाली. त्याबरोबर धप्प असा आवाज आला आणि नाटकाच्या बाईंचं "आई गं!" ऐकू आलं.

"जा," मोठ्या बाई मिरचीला म्हणाल्या. पुढे त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, माफीसारखं. ते जमेना तेव्हा त्यांनी आपल्या रुमालाने पोरीच्या हनुवटीवरचं काजळ पुसून काढलं. "आणि सर, तुमचं काय? दुसऱ्या अंकाला चित्रकलेचे सरच...?"

"नाही," शून्यसर म्हणाले. त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं. "मतं मला पडलीत."

६

काकू खुर्चीवर परत आल्या. अंबाडा जागच्या जागी होता. मध्यंतरात बाईंनी तो नीट करून आणखी वर घेतला होता.

"बाई, जरा खाली सरकून बसता का?" काकू म्हणाल्या.

"मला पाठीचा त्रास आहे," अंबाडा म्हणाला.

पडदा उघडला. काकूंना पाय दिसले. कोरे बूट, गोल चिकटपट्टी. ते अगदी थोडे हलत होते, गार वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचे हलावेत तसे. पांघरूण त्यांच्यावर होतं. पुढचं सगळं अंबाड्यापलीकडे.

हिरवं दार करकरलं आणि मिरचीचा आवाज आला, पहिल्या अंकातल्यासारखाच खणखणीत. ती बोलत बोलत दिवाणाशी आली. पांघरूण सरकल्याची सळसळ झाली, आणि पायांवरचं टोक इंच-दीड इंच खाली आलं.

"अहो वहिनी!" दीर कासावीस होऊन कुजबुजला. "हिने पांघरूण खाली ओढलं! प्रेताचं तोंड उघडं टाकलं. विसरली वाटतं, घोळ केला पोरीने!"

"विसरली नाही. गप्प बसा, भावोजी."

"पण सगळी मुलं बघतायत की सरांच्या तोंडाकडे."

"हसतायत?"

दिराने मान लांब केली. "नाही," तो म्हणाला. "नाही हो. कुणीच नाही."

काकू टेकून बसल्या. समोर दोन तळवे होते. हळूहळू ते हलायचे थांबले, आणि नाटक संपेपर्यंत तसेच, प्रेताला शोभतील असे, पडून राहिले. पुढे खुनी कोण निघाला ते मात्र काकूंना दिसलं नाही. मिरचीने बोट दाखवलं ते नेमकं अंबाड्याच्या आड.